अभ्रक

टू हार्बर्समध्ये ऑगस्ट संपत आलाय.
तळघराच्या उंच खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.
आर्वो लेहतिनेनचे वर्ना ओळखते:
डाव्याला नाडी नाही, जाळ्याची दोरी आहे.

पायऱ्या उतरतो तो, रेडिओ पोटाशी धरून,
थंडीत सापडलेलं कोकरू आणावं तसा.
सायीच्या रंगाचं बेकेलाइट, कोपऱ्याला तडा,
तड्यावर चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली.
"कडकडतो," म्हणतो. एवढंच.

वर्ना लगेच काही उघडत नाही. ऐकते.
एकतीस वर्षं टेलिफोन कंपनीत
लोकांच्या तारांतली खरखर ऐकलेली बाई ती.
व्हॉल्व्ह तापतात, आत नारिंगी उजाळा येतो,
कुणीतरी बटाट्याचे भाव सांगू लागतं,
आणि मग, सुपीरियरच्या पलीकडे कुणी पत्रे ओढावेत
तसा आवाज.

ती एरियलची तार सोडवते.
बटाटे जातात. कडकडाट राहतो.
"बाहेरचं नाही हे. आतलं आहे."

आर्वो तारेच्या मोकळ्या टोकाकडे बघत बसतो.
"एवढंच करायचं होतं?"

दुसरा आयएफ ट्रान्सफॉर्मर. अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा डबा.
राळेचा धूर, डाग वितळतात, डबा वर सरकतो;
दोन गुंडाळ्या, कोळ्याने काततील अशा तारेच्या,
श्वास रोखून बघायच्या.
आणि तळाशी, दोन पट्ट्यांमध्ये दाबलेलं
अभ्रकाचं पातळ पान, दोन्ही अंगांना चांदी.

तिच्या भाषेत नाही, पण माझ्या भाषेत
अभ्रकाच्या नावातच ढग आहे.

चांदी सरकते. एका अंगाला जास्त दाब,
दुसऱ्याला कमी, आणि वर्षं.
केसाहून बारीक बोटं फुटतात तिला,
पलीकडच्या चांदीला शिवायला निघतात,
शिवतात तेव्हा ठिणगी पडते, मोहरीएवढीही नाही,
पण स्पीकरपर्यंत येता येता आभाळाएवढी होते.

"हेल्मी धावत कपडे काढायची दोरीवरचे,"
आर्वो डब्याशीच बोलतो.
"हा कडकडला की दर वेळी. आणि बाहेर लख्ख ऊन.
मी हसायचो. सगळे हसायचो.
त्या रात्रीही म्हणाली. मी म्हटलं, रेडिओ आहे गं तो.
ताउनो म्हणाला, मग जाऊन जाळी काढून आणतो."

वर्ना चिमट्याने काळं पडलेलं पान उचलते.
काही म्हणत नाही. ती असल्या वेळी
कामाचा वेग जरा कमी करते, इतकंच.

नवे कपॅसिटर, एकशेदहा पिकोफॅराडचे,
मसुरीच्या डाळीसारखे दोन,
बाहेरून डागते. पाय आखूड. एक डाग फसतो,
शिवी देते फिनिशमध्ये, आजीची,
पुन्हा डागते.
मग प्लास्टिकचा पेचकस, चारशे पंचावन्न किलोहर्ट्झ,
पाव आटा इकडे, त्याहून कमी तिकडे,
मीटरचा काटा चढतो, अडतो, चढतो, आणि उतरायला लागला
की तेवढंच मागे.

तार जोडते. बटाटे नाहीत आता, कुणी अकॉर्डियन वाजवतंय,
स्वच्छ. भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.
आर्वोच्या तोंडावर आनंद वगैरे नाही.
थोडा वेळ जातो.

कड्.

दोघंही रेडिओकडे बघतात.
वर्ना पुन्हा डबा उघडायला हात पुढे करते,
पण आर्वोनेच तार उपटलीय.
शांत.
तार जोडतो. कड्, कड्कड्.
उपटतो. शांत.
तिसऱ्यांदा करतो, लहान पोर बटणाशी करतं तसं.

पैसे टेबलावर ठेवतो, मोडसुद्धा घेत नाही.

खिडकीत ते बूट दिसतात, दोरीवाला पुढे.
घराकडे जायला डावीकडे वळायचं असतं.
वळतात धक्क्याकडे,
जिथे संध्याकाळच्या जाळ्यांसाठी
कुणाचं तरी इंजिन सुरू होतंय,
आणि या वयात पळू नये इतके पळतात.

बाकावर अभ्रकाचा तुकडा.
रेडिओही तिथेच, तार लावलेली.